८ डाइव्ह झाल्यात, फेब्रुवारीत मालदीवच्या लाइव्हअबोर्डवर जाऊ का?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही कोल्हापूरचे, मालवणला ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केलाय, आतापर्यंत ८ डाइव्ह झाल्यात. येत्या फेब्रुवारीत मित्रांबरोबर मालदीवच्या लाइव्हअबोर्डवर, म्हणजे ७ रात्री बोटीवरच राहून डाइव्ह करायला जायचंय. जमेल का, आणि तयारी काय करायची?

महिना चांगला निवडलाय, पण ८ डाइव्हच्या जोरावर जाऊ नका. आधी ॲडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स करा, निदान २०-२५ डाइव्हपर्यंत पोहोचा आणि मग बुकिंग करा. हे मी नुसत्या सर्टिफिकेटच्या कार्डासाठी सांगत नाही. ओपन वॉटरवर १८ मीटरपर्यंत जाता येतं आणि मालदीवच्या बोटी ज्या जागांसाठी जातात त्यातल्या बऱ्याच २० ते ३० मीटरवर आहेत (३० मीटर ही तिथल्या नियमानुसार मर्यादा), एवढं खरं. पण खोलीपेक्षा तिथे त्रास देते ती पाण्याची ओढ.

ॲटॉल म्हणजे प्रवाळाचं गोल कडं; त्यात जिथे खिंड असते तिला तिकडे कंडू म्हणतात. बाहेरचं पाणी त्या खिंडीतून आत घुसतं, आणि शार्क, ईगल रे खिंडीच्या तोंडाशी थांबतात ते त्या ओढीसाठीच. फेब्रुवारीत ईशान्य मोसमी वाऱ्यामुळे प्रवाह पूर्वेकडून येतो. म्हणून पूर्वेच्या कंडूंमध्ये खुल्या समुद्राचं नितळ पाणी मिळतं आणि मांटा हे मोठे रे मासे शोधायला बोट पश्चिमेच्या बाजूला जाते. अशा जागी पाण्यावर तरंगत एकमेकांची वाट बघायला वेळ नसतो. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) आधीच रिकामी करून उडी मारायची आणि थेट खाली जायचं. एखाद्याचा कान ३ मीटरवर अडला, तर तो मोकळा होईपर्यंत बाकीचे खिंडीच्या काठाला पोहोचलेले असतात आणि हा भलतीकडेच वाहत गेलेला असतो.

दुसरी अडचण हवेची. नवशिक्या डायव्हरला पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा लागते असं धरू. ११ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी २०० बारला भरलेली असते (बार हे दाबाचं माप). ५० बार राखून ठेवले तर वापरायला उरले १५० बार, म्हणजे १,६५० लिटर. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे मिनिटाला ६० लिटर. टाकी पुरली २७ मिनिटं. २८ मीटरवर २१-२२ मिनिटं. ओढीत पाय मारायला लागला की त्याहूनही कमी. बाकीच्यांची डाइव्ह ५० मिनिटांची आणि तुमची २० मिनिटांत संपली, तर गाईड तुम्हाला जोडीदारासकट वर पाठवतो. मग खिंडीच्या मधोमध, आजूबाजूला नुसतं निळं पाणी असताना, तुम्हाला स्वतःच्या हिमतीवर वर यायचं असतं.

स्वतःचा आकडा काढणं सोपं आहे. १० मीटरवर १० मिनिटं शांतपणे पोहा आणि किती बार उतरले ते बघा. समजा ३८ उतरले. ३८ गुणिले ११ म्हणजे ४१८ लिटर. भागिले १० मिनिटं. भागिले २, कारण १० मीटरवर दाब दुप्पट असतो. उत्तर येतं साधारण २१. हा आकडा १५-१६ वर आला की कंडूचा विचार करा.

आकडा खाली आणायला ताकद लागत नाही. पंचगंगेत आणि विहिरीत पोहून तयार झालेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, हे मोठं भांडवल आहे. पण त्याच पोहण्याच्या दोन सवयी इथे आड येतात. एक, हात मारणं. त्यानं पुढे जाता येत नाही, दम मात्र लागतो. हात पोटाशी बांधून फक्त फिन्स चालवा. दुसरी, श्वास रोखणं. दाबाखालची हवा फुप्फुसात कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं; दोन-तीन मीटर वर येणंही त्याला पुरतं. वजनाचा पट्टाही बहुतेकांचा जास्त भरलेला असतो. डाइव्ह संपताना ५० बार उरलेले असताना बीसीडी पूर्ण रिकामी करून पाण्यात उभे राहा, निम्मा श्वास घ्या. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं तर वजन बरोबर. हे डाइव्हच्या शेवटीच तपासायचं, कारण तोवर टाकी साधारण २ किलोनं हलकी झालेली असते.

सरावासाठी मालवण-तारकर्ली जवळ आहे. दिसणं कमी असतं, पण उथळ पाण्यातलं काम तिथे घोटून घेता येतं. ॲडव्हान्स्डसाठी मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी त्याहून बरं. दोन्हीकडे पावसाळ्यात बंद असतं, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर हाती धरा. आणि एक गोष्ट घाटावरच्यांनी कायम लक्षात ठेवावी. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे, कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. डाइव्हनंतर विमान टाळायचा जो नियम आहे तो साधारण ६०० मीटर उंचीपासूनच लागू धरतात. तेव्हा दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी गाडी घाटात घालू नका. रात्री मालवणला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघा.

मालवणला एकच कौशल्य पक्कं करायचं असेल तर एसएमबी सोडायला शिका, म्हणजे पाण्याखालून वर सोडायचा तो नारिंगी फुगा. बोटीला तुम्ही दिसता ते त्याच्यामुळेच. लाटांत नुसतं डोकं शंभर मीटरवरूनही सापडत नाही. ५ मीटरवर थांबा. दोरीची रीळ अंगाला अडकवलेली नाही ना, ते आधी बघा. वर मान करून डोक्यावर कुणी नाही याची खात्री करा. फुग्याच्या तोंडाशी एक श्वास सोडा. फुगा उभा राहिला की दोन-तीन श्वासांत तो ओढायला लागेल. रीळ अंगठा आणि बोट यांच्यात सैल धरा, फुगा सोडा आणि दोरी फिरू द्या. दोरी मध्येच अडकली तर रीळ सोडून द्यायची, बिनदिक्कत. लोक ती घट्ट धरून ठेवतात आणि फुग्याबरोबर थेट वर खेचले जातात. फुगा वर पोहोचला की दोरी ताणून ठेवा, नाहीतर तो पाण्यावर आडवा पडतो आणि दिसत नाही.

रीफ हुकचंही तसंच, म्हणजे ओढीत एका जागी थांबण्यासाठी दोरीला बांधलेला आकडा. हुक फक्त मेलेल्या दगडात, जिवंत प्रवाळात कधीच नाही. दोरी बीसीडीच्या कडीला अडकवून थोडी हवा भरली की पतंगासारखं स्थिर राहता येतं. सोडताना आधी ती हवा काढा, मग हुक. उलटं केलंत तर वर भिरकावले जाल.

नायट्रॉक्सचा, म्हणजे ऑक्सिजन जास्त आणि नायट्रोजन कमी असलेल्या हवेचा कोर्स करून घ्या. दिवसाला ३-४ डाइव्ह, सलग सहा दिवस, यात नायट्रोजन अंगात साठत जातो. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात ३० मीटरवर साध्या हवेनं २० मिनिटं मिळतात, ३२ टक्के नायट्रॉक्सवर साधारण ३०. त्यानं हवा मात्र जास्त पुरत नाही. हा गैरसमज फार पसरलाय. टाकीतलं ऑक्सिजनचं प्रमाण दर वेळी स्वतः मोजा आणि तोच आकडा डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र) घाला.

आता बोट निवडणं. लोक केबिनचे फोटो आणि जेवणाचा मेनू बघतात. मी आधी विचारेन की रात्री जागता पहारा असतो का. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि ३४ जण गेले. सगळे खालच्या मजल्यावर झोपले होते. बाहेर पडायचे दोन्ही मार्ग वरच्या एकाच खोलीत निघत होते आणि तीच पेटली होती. कर्मचाऱ्यांपैकी कुणीही जागं राहून फेरी मारत नव्हतं. म्हणून लेखी विचारा: रात्रभर फेरी मारणारा माणूस आहे का? केबिनमधून दुसरा मार्ग कुठे निघतो? लिथियम बॅटऱ्या चार्ज कुठे करतात? अपघातात द्यायचा ऑक्सिजन किती तासांचा आहे? एका गाईडमागे डायव्हर किती? चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो दुसरा मार्ग स्वतः उघडून बघा. टॉर्चच्या बॅटऱ्या झोपताना चार्जिंगला लावू नका.

पैशांचं विचारताना ग्रीन टॅक्स (मालदीवचा पर्यटकांवरचा कर), नायट्रॉक्स, साहित्याचं भाडं आणि कर्मचाऱ्यांची टिप धरून आकडा मागा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा नसतं; डायव्हरचा वेगळा विमा घ्या.

सामानात ३ मिमीचा सूट पुरतो, पाणी २७ ते ३० अंश असतं. मास्क आणि कॉम्प्युटर स्वतःचा हवा, बाकीचं भाड्यानं चालेल. मालदीवला दारू, डुकराचं मांस आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत. बॅगेत अंबाबाईची छोटी मूर्ती ठेवायची सवय असेल तर ती घरीच ठेवा. वैद्यकीय फॉर्म आधी वाचा. दमा, कानाचं ऑपरेशन, रक्तदाबाची गोळी यांपैकी काही असेल तर कोल्हापुरातूनच डॉक्टरची सही घेऊन जा, माले विमानतळावर तो घोळ नको. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला एकदा दाखवा. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरला विचारून घ्या आणि आधी घरी घेऊन बघा. आपल्याकडे सर्रास घेतात त्या प्रोमेथाझिननं झोप येते, ती घेऊन पाण्यात उतरायचं नाही.

परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी, शक्यतो २४ तासांनी घ्या. बोटी शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवत नाहीत त्या यासाठीच, त्यामुळे माले ते मुंबई तिकीट बोटीचं वेळापत्रक हातात आल्यावरच काढा.

मालवणला १० मिनिटांचा तो हिशेब करून तुमचा आकडा इथे लिहा. त्यावरून कुठला मार्ग झेपेल आणि कुठल्या जागा टाळायच्या, ते नेमकं सांगता येईल.