घाटात झटके खाणारी पद्मिनी, इंजिन खोलू का?

प्रश्न: नमस्कार. माझ्याकडे वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, आम्ही नाशिकला असतो. गावात गाडी मस्त चालते, पण कल्याणहून परत येताना कसारा घाट चढायला लागलो की अचानक झटके खाते, सायलेन्सरमधून फट्ट फट्ट वाजतं, दोन-तीन मिनिटं हा तमाशा आणि मग चालता चालताच आपोआप ठीक, थोड्या वेळाने परत तेच. बाजूला घेऊन अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की घरापर्यंत काही त्रास नाही. गॅरेजमध्ये नेली तर एकदाही मिसिंग करत नाही. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, प्लगच्या वायरी, कार्बोरेटरचं किट, एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा) सगळं नवीन टाकून झालं. आता मेकॅनिक म्हणतोय इंजिन खोलू. खोलू का?

उत्तर: नको, अजिबात खोलू नका. व्हॉल्व्ह किंवा रिंग गेल्या असत्या तर गाडी गावातही कुरकुरली असती, असा दोन मिनिटं येऊन जाणारा आजार तो नाही. टॅपेट टाइट असले, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी असली, तर गरम झाल्यावर मिसिंग होतं हे खरं, पण मग इंजिन गरम आहे तोवर ते राहतं, तुमचं तर गरम इंजिनावरच चालता चालता जातंय. इंजिन खोलण्यात पैसे जातील आणि वडिलांच्या गाडीचं फॅक्टरीचं जुळलेलं काम एकदा उघडलं की परत तसं बसेलच असं नाही.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे फट्ट. पेट्रोल सिलिंडरमध्ये पोचतंय पण ठिणगी पडत नाहीये, म्हणून न जळलेलं पेट्रोल तसंच पुढे तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. पेट्रोल कमी पडत असतं तर गाडी हळूहळू ढिली पडली असती, मागून कोणी धरून ठेवल्यासारखी, आणि फटका बहुतेक करून वर कार्बोरेटरमधून आला असता. पूर्वी घाटात एसी पंपावर ओलं फडकं टाकायचे ते त्या आजारासाठी, पंप तापून पेट्रोलची वाफ व्हायची म्हणून. तरी पुढच्या वेळी झटके सुरू झाले की थांबून एकदा टाकीचं झाकण उघडून बघा, फुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, फुकटात काम होईल. पण माझा संशय करंटवरच आहे.

आता करंटमध्ये कुठे? एकच सिलिंडर गेला की इंजिन तालात लंगडतं, चारही एकदम गेले की झटका बसतो. तुम्हाला झटके बसतायत, म्हणजे प्लग आणि त्यांच्या वायरी सोडून द्या, चौघांना मिळून जे एकच आहे तिथे बघायचं: किल्लीचा स्विच, कॉइल (बॅटरीच्या करंटातून ठिणगीचा जोर तयार करणारी), कॉइलची मधली जाड वायर, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा), कंडेन्सर, रोटर (फिरत फिरत चार प्लगना ठिणगी वाटणारा). चार सिलिंडरच्या इंजिनाला ३००० आरपीएमवर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, हे सगळं काम तो एक पॉइंट आणि एक कॉइल करतात, त्यामुळे निमिषभर कुठे संपर्क सुटला तरी लगेच जाणवतं.

हा आजार गॅरेजमध्ये उभ्या गाडीत सापडणार नाही, रस्त्यावर होत असतानाच पकडायला लागेल. १२ व्होल्टचा छोटा होल्डरचा बल्ब घ्या, एक वायर कॉइलच्या किल्लीकडून येणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला अर्थ, आणि बल्ब लांब वायरीने आत डॅशबोर्डवर आणा, उघडी टोकं नीट टेप करा कारण ती बॉडीला लागली तर वायरिंग जळेल. गाडी एकाने चालवायची, बल्बकडे दुसऱ्याने बघायचं. झटक्याबरोबर बल्ब लुकलुकला तर किल्लीचा स्विच किंवा तिथून येणारी वायर दोषी, चाळीस वर्षांच्या स्विचमध्ये हे फार होतं. बल्ब ठाम पेटलेला राहिला तर दोष त्याच्या पुढे. कोणाकडे क्लिपवाली टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीला चमकणारा दिवा) मिळाली तर ती कॉइलच्या जाड वायरला लावा, झटके बसताना लाइट व्यवस्थित चालू असेल तर रोटर तेवढा बघा, तोही ठीक असला तर माझा संशय चुकला आणि पेट्रोलकडे जायचं, लाइट मध्येच विझत असेल तर करंटच.

कंडेन्सर नवीन टाकलाय म्हणून त्याला निर्दोष धरू नका, हे मी कळकळीने सांगतोय. पॉइंट उघडतो त्या क्षणी तिथला करंट हा डबीएवढा कंडेन्सर पोटात घेतो, म्हणून कॉइल एकदम सुटते आणि प्लगवर जोरदार ठिणगी पडते. गरम झाल्यावर त्याचा आतला जोड सुटला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडते. पॉइंट काढून बघा, थोड्याच दिवसांत काळा-निळा पडला असेल, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टोक आलं असेल तर कंडेन्सर संशयित. जुना काढलेला ठेवला असेल तर तोच परत लावून घाटात जाऊन या. आणि एका वेळी एकच वस्तू बदला, सहा गोष्टी एकदम बदलल्यामुळेच तुम्हाला कळत नाहीये की नवीन काय बिघडलं आणि जुनं काय चांगलं होतं.

अजून एक जागा, जिथे मला स्वतःला दोन पावसाळे लागले. डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या, ज्यात पॉइंट आणि रोटर बसतात) आत पॉइंटकडे जाणारी बोटभर लांबीची वायर असते, वरून कापडी कव्हर. माझ्या गाडीत ती बाहेरून एकदम धडधाकट दिसायची, मीटर लावला तरी ठीक दाखवायचा. शेवटी चिमट्याने हलकेच ओढली तर रबरासारखी लांबली, कव्हर कापून भिंगाखाली धरलं तर आतल्या तारा तुटून दोनच धागे टिकले होते, ते कधी टेकायचे कधी सुटायचे. प्रत्येक वेळी पॉइंट बदलताना ती वाकते, म्हणून अशा गाड्यांत ती तुटणारच. तुमची ओढून बघा.

शेवटी कॉइल. झटके सुरू असताना थांबलात की हात लावून बघा, तळवा ठेवता येत नसेल तर मीटरने मोजा, बॅलास्ट (कॉइलचा करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या दोन छोट्या टोकांमध्ये साधारण ३ ओहम यायला हवेत. गरम असतानाच मोजा, थंड झाल्यावर ती बरोबरच दाखवेल. आणि इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून रेडिओ ऐकायची सवय असेल तर सोडा, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तेवढ्यात भाजते.

मी असतो तर क्रम असा: आधी ती बोटभर वायर, मग बल्ब, मग जुना कंडेन्सर, मग कॉइल.

प्रश्न: माझी पण पद्मिनी आहे, रत्नागिरीला. पावसाळ्यात सकाळी सेल्फ फिरतो पण चार वेळा मारल्याशिवाय लागत नाही, लागली तर दहा मिनिटं मिसिंग. ऊन पडलं की बरी.

उत्तर: हे वरच्यापेक्षा सोपं. रात्री अंधारात, बॉनेट उघडून इंजिन चालू करा, डेल्को कॅपवर किंवा वायरींवर निळ्या रेघा नाचताना दिसतील. कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा, मग उजेडात तिरकी धरा, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दोन टोकांमध्ये दिसली तर तिथून करंट पळतोय, ती कॅप खरवडून सुधारत नाही, बदलाच. रोटर पण सोबत बघा. परत बसवताना वायरींचा क्रम १-३-४-२, काढण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवा.