भाचीला ८५ टक्के अपंगत्व आहे, घरीच सांभाळतात. सरकारकडून महिन्याला काय मिळतं? आईला वेगळं काही मिळतं का?

संजय गांधी निराधार मिळतं, अपंगांना आता महिना २५००, २०२५ च्या ऑक्टोबरपासून, आधी १५०० होते. आईला वेगळं काही नाही. केरळात आश्वासकिरणम म्हणून सांभाळणाऱ्याला ६०० तरी देतात, आपल्याकडे आई "घरीच तर असते".

हे वाक्य लय ऐकलंय म्हणून लिहायला बसले. मी सोलापूरची, मुलाला सेरेब्रल पाल्सी, ९० टक्के, नवरा यंत्रमागावर. उत्पन्नाची अट ५० हजार, वर्षाला बरं का, आणि आमचं रेशनकार्ड एकत्र, त्यात दिरांची सरकारी नोकरी. दाखल्यावर त्यांचा पण पगार धरला, विषय संपला. मी म्हणलं कार्ड विभक्त करू. २०२० ची संक्रांत, शेंगाच्या पोळ्या चालू होत्या, सासूबाईंनी लाटणं खाली ठेवलं, म्हणाल्या हजार रुपयासाठी घर फोडतेस का. आणि जाऊबाई म्हणाल्या, तू तर घरीच असतेस, तुला कसला खर्च.

घरीच असते म्हणजे रात्रीतून चार वेळा उठून कूस बदलायची, वाटीभर मऊ भात भरवायला पाऊण तास, घाई केली की ठसका. आधारच्या ठशाला गेलो तर पोराची मूठ उघडेना, ऑपरेटर बोटं ओढायला लागला. मी म्हणलं थांबा ओ, मनगट खाली वाकवलं की बोटं आपोआप सैल पडतात. हे मला माहितीय कारण मी घरीच असते.

कार्ड वेगळं व्हायला दोन वर्षं गेली, ते पैसे गेले ते गेलेच. त्यामुळं तुमच्या बहिणीचं कार्ड एकत्र असेल तर आधी ते वेगळं करा, कोण काय म्हणायचं ते म्हणू दे. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंच असेल. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय हा सरकारी आरोग्य विमा पण काढा, वर्षाला लाखापर्यंत, थेरपीचे पैसे त्यातनं निघतात.

आता हे सगळं सांगितलं खरं, पण ५० हजार म्हणजे महिना चार हजार शंभर-दीडशे, तुमच्या भाऊजींना पगार असेल तर निराधार विसरा. मग टॅक्स भरत असतील तर आयकराच्या ८०डीडी कलमात अपंगाला सांभाळणाऱ्यासाठी सव्वा लाखाची वजावट आहे ती बघा, जुन्या पद्धतीनं भरत असतील तरच.

आणि बँक खात्यावर पालक म्हणून आईचंच नाव लावा, काकाचं तर अजिबात नको. त्याच्यावरनं पण आमच्यात झालेलंय, ते परत कधीतरी.