म्युनिकला येताय? पाणी, कचरा आणि घरखर्चाबद्दल

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ऑक्टोबरमध्ये पुण्याहून येताना वॉटर प्युरिफायर आणावा का, कचऱ्याचे नियम ऐकतो तितके जाचक आहेत का, आणि या ‘हरित’ शहरात राहायचं तर खिशाला किती चाट बसते. तिन्हींचं मूळ एकच. इथली महापालिका उपदेशाच्या भानगडीत फारशी पडत नाही. जे व्हावंसं वाटतं ते ती सोपं किंवा फुकट करते, जे नको ते महाग आणि कटकटीचं. त्या हिशेबाने वागलात तर दोन महिन्यांत रुळाल.

प्युरिफायर आणू नका. नळाचं पाणी सरळ प्या, मुलीलाही द्या. शहराचं बहुतेक पाणी दक्षिणेकडून, आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या मांगफाल खोऱ्यातून येतं. 1883 पासून येतंय, आणि तेही उताराने, पंपाशिवाय. शहराने त्या भागात जमिनी विकत घेऊन जंगल राखलंय. पण आजूबाजूला शेती आहेच, मग खतं आणि फवारण्या पाण्यात उतरणार. त्यावर तोडगा असा की 1992 पासून शहराच्या मालकीची ‘श्टाटवेर्के’ ही कंपनी तिथल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीसाठी दरवर्षी हेक्टरी पैसे देते. घाण पाण्यात उतरल्यावर ती काढणारा कारखाना चालवायचा, की ती उतरूच नये म्हणून शेतकऱ्याला पैसे द्यायचे, हा साधा हिशेब. मला विचाराल तर या शहराने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच. ट्राम, सायकलचे रस्ते वगैरेंचे फोटो सगळे काढतात, याचा कुणी काढत नाही.

पाणी जड मात्र आहे. किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो, तो व्हिनेगर उकळून काढायचा. राजमा-छोले रात्रभर भिजवूनही हट्टीपणा करतात. कुकर आणाच, आणि इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा. बऱ्याच घरांत गॅस नसतो.

आता कचरा. इमारतीच्या आवारात साधारण तीन डबे असतात: निळा कागदाचा, तपकिरी ओल्या कचऱ्याचा, आणि उरलेल्या सगळ्याचा काळा-राखाडी. खुबी अशी की पैसे या शेवटच्या डब्याच्या आकारावर लागतात. निळ्या आणि तपकिरी डब्याचे वेगळे पैसे नाहीत. त्यामुळे वर्गीकरण नीट झालं तर अख्ख्या इमारतीला लहान डबा पुरतो आणि सगळ्यांचं बिल कमी येतं. शेजारच्या आजी तुमच्या पिशवीकडे का बघतात, याचं उत्तर यात आहे. मुलीचे डायपर काळ्या डब्यात.

तपकिरी डब्यात चहाचा चोथा, कोथिंबिरीचे देठ, केळीची सालं, सगळं चालतं, पण वर्तमानपत्रात गुंडाळून किंवा कागदी पिशवीत. दुकानात ‘कुजणाऱ्या’ म्हणून विकतात त्या हिरव्या प्लॅस्टिकच्या पिशव्या म्युनिकच्या ओल्या कचऱ्यात चालत नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. हा कचरा बंद कोठीत कुजवून त्यातून निघणाऱ्या वायूवर वीज करतात. उरलेल्या खतापासून केलेली कुंड्यांची माती महापालिकाच पिशव्यांत भरून विकते. काळ्या डब्यातलं जळतं ते शहराच्या उत्तरेच्या वीजकेंद्रात, आणि त्याची उष्णता पाइपांतून घरं तापवायला जाते.

काचेच्या बाटल्यांसाठी गल्लीच्या टोकाला मोठ्या पेट्या असतात, पांढरी, हिरवी, तपकिरी काच वेगवेगळी. सोमवार ते शनिवार, सकाळी 7 ते संध्याकाळी 7. रविवारी दुपारी लोणच्याची बरणी तिथे आपटलीत तर ओळख नसलेला माणूसही खिडकीतून बोलेल. डबे-टिना आणि वेष्टनांचं प्लॅस्टिक बऱ्याच भागांत तिथेच न्यावं लागतं. हे मला आजही कंटाळवाणं वाटतं. जर्मनीच्या इतर शहरांत ते दारातून नेतात.

पेयाच्या बाटलीवर अनामत रक्कम असते, एकदाच वापरायच्या बाटलीला 25 सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला साधारण 8. 25 सेंटचा नियम हा देशाचा कायदा, महापालिकेचा नाही. बाटली चेपू नका, दुकानातलं यंत्र परत घेत नाही. रस्त्यात बाटली नको झाली तर लोक ती कचरापेटीत न टाकता बाजूला उभी ठेवतात, गोळा करणाऱ्यांना हात घालावा लागू नये म्हणून.

घरखर्चात खरा फटका हीटिंगचा. जाहिरातीत ‘काल्टमिटे’ म्हणजे नुसतं भाडं, ‘वार्ममिटे’त हीटिंग आणि इतर खर्चाचा आगाऊ अंदाज. वर्षाअखेर हिशेब होतो आणि जास्त वापरलं असेल तर फरक भरावा लागतो. म्हणून घर बघताना मागच्या वर्षीचा हिशेब दाखवायला सांगा. हिवाळ्यात खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नका. दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं सताड उघडा. आपल्या फोडण्या आणि कुकरच्या शिट्ट्यांची वाफ भिंतीत मुरली की बुरशी येते, आणि मालक बोट तुमच्याकडेच दाखवतो.

शहराच्या पोटात दोन-तीन किलोमीटर खोल गरम पाणी आहे. ते वर आणून त्यावर घरं तापवायची आणि गार झालेलं परत खाली सोडायचं, असं काम शहरातल्या रीम या भागात 2004 पासून चालू आहे, आणि आता शहराच्या दक्षिणेलाही मोठं केंद्र झालंय. पण फार हुरळून जाऊ नका. 2017 साली नागरिकांनी मतदान करून उत्तरेच्या त्या वीजकेंद्रात जळणारा कोळसा 2022 पर्यंत बंद करा असं सांगितलं होतं. तो थांबायला 2024 उजाडलं. आणि बीएमडब्ल्यूचं गाव आहे हे, रस्त्यावर गाड्यांची कमतरता नाही. तुम्ही मात्र सुरुवातीला गाडी घेऊ नका. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा प्रवासाचा पास, 2026 पासून महिना 63 युरोंना आहे, त्यात मेट्रो, ट्राम, बस, लोकल सगळं येतं.

फर्निचर कंटेनरमधून आणायचा विचार असेल तर तो सोडाच. लोकांनी महापालिकेच्या संकलन केंद्रांवर आणून दिलेल्या वस्तूंतल्या चांगल्या स्थितीतल्या निवडून ‘हाले 2’ नावाच्या महापालिकेच्या दुकानात विकतात. मुलीची सायकल, टेबल, पुस्तकांचं कपाट आधी तिथे बघा आणि मगच नवं घ्या.