तुमचं पत्र मिळालं: साइटवरचं पाळणाघर, गिरणीतलं पाळणाघर आणि एक घरचा प्रश्न

प्रश्न: ताई, आमच्या कांदिवलीच्या सोसायटीला लागून मोठ्या टॉवरचं काम चालू आहे. तिथे पत्र्याच्या शेडमधून रोज सकाळी लहान पोरांची गाणी ऐकू येतात. वॉचमन म्हणाला, मॅडम ते संस्थेचं पाळणाघर आहे, संस्था पन्नास वर्षं जुनी आहे. हे खरंय का? सरकारी आहे की बिल्डरचं? आणि आम्ही बायका मिळून काही देणार असू तर जुने कपडे चालतील का?
— एक वाचक, कांदिवली

उत्तर: वॉचमनने बरोबर सांगितलं. वर्णनावरून ते मुंबई मोबाइल क्रेशेसचं सेंटर वाटतंय, गेटवरचा बोर्ड एकदा बघून घ्या. सरकारी नाही आणि बिल्डरचंही नाही, संस्था ना-नफा आहे, पण बिल्डरशिवाय चालतही नाही, कारण खोली, पाणी, लाइट त्यानेच द्यायची असते आणि चांगला बिल्डर खर्चातही वाटा उचलतो.

याची सुरुवात दिल्लीची. १९६९ साल, गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष, राजघाटाजवळ त्यानिमित्त प्रदर्शनाचं बांधकाम चाललेलं आणि तिथेच खडी-मातीत मजुरांची तान्ही पोरं उन्हात पडलेली. मीरा महादेवन यांनी ते बघितलं आणि तिथेच एक तंबू ठोकून पोरं सांभाळायला सुरुवात केली. १९७२ मध्ये हे काम मुंबईत आलं. तेव्हा इकडे नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून एकेक टॉवर वर चढत होता, आणि ते चढवणाऱ्या बायकांची पोरं खाली वाळूच्या ढिगाशी. 'मोबाइल' एवढ्यासाठी की साइट संपली की सेंटर उठतं आणि दुसऱ्या साइटवर बसतं. शाळा एका जागी असते, पोरं तिथे जातात. इथे उलटं, पोरं जातील तिथे शाळा जाते, आणि मला विचाराल तर या संस्थेचं सगळं मोठेपण या एका गोष्टीत आहे.

कधी परवानगी काढून आत जाऊन बघाच. पाळणा, झोळी, सतरंजी, भिंतीला चित्रं. सकाळी पोरं आली की आधी हातपाय धुणं, केस विंचरणं, कोणाला ताप आहे का, कोणाला खरूज झालीय का ते बघणं, मग खाणं. तान्ह्यांचं वजन ठरलेल्या दिवशी होतं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं जातं, वजन वाढलं नाही की त्या पोराला जादा आहार सुरू होतो. तीन वर्षांखालची पोरं एकीकडे, तीन ते सहाची बालवाडी, आणि त्याहून मोठ्यांना म्युनिसिपालिटीच्या शाळेत घालायची खटपट. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. पोरगं घरी तेलुगू बोलतं नाहीतर लमाणी नाहीतर बंगाली, दाखला कुठल्यातरी गावाला राहिलेला, आणि सहा महिन्यांनी स्लॅब संपला की मुकादम सगळ्यांना पनवेलला हलवणार.

दूध पिणाऱ्या बाळाच्या आया कामातून थोडा वेळ काढून पाजायला येतात. डोक्याला चुंबळ तशीच असते, सिमेंटचे हात आधी नळाखाली धुवायचे, मग बाळाला घ्यायचं. तेवढ्या दहा मिनिटांत सेंटरची ताई तिला विचारून घेते, बाळाला लसीचा डोस दिला का, नवरा पैसे हातात देतो का, बँकेत खातं आहे का. वरवर गप्पा वाटतात पण कुटुंबाला हात देण्याचं निम्मं काम इथेच होतं, कारण लेबर कॅम्पमधल्या बाईला एरवी हे विचारणारं दुसरं कोणीच नसतं. आणि दुसरा परिणाम तिच्या मोठ्या पोरीवर होतो. पाळणाघर नसेल तर आठ-नऊ वर्षांची बहीणच धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर बसते, तिची शाळा तिथेच संपते. म्हणजे एक पाळणा हलला की दोन पोरं सुटतात.

आता तुमचे जुने कपडे. द्या, पण आधी सेंटरला विचारून द्या, धुतलेले, लहान मुलांचे, सुती. साड्यांचे गठ्ठे नकोत, ठेवायला जागा नसते. खरं म्हणजे पैसे दिलेत तर जास्त उपयोग होतो, ताईंचे पगार, ट्रेनिंग, पोरांचा आहार, हा रोजचा खर्च असतो आणि कपड्यांनी तो भागत नाही.

त्याहून मोठी गोष्ट तुमच्या हातात आहे. मुंबईत आज दर तिसऱ्या पत्रात रिडेव्हलपमेंटचा विषय असतो. तुमच्या सोसायटीचं कधी निघालं तर करारात पार्किंग, कॉर्पस फंड, वाढीव कार्पेट एरिया याच्याबरोबर एक ओळ टाकायला सांगा की साइटवर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर पहिल्या दिवसापासून असेल. बिल्डर त्या वेळी तुमचं ऐकतो, सही झाल्यावर नाही ऐकत. कायद्याचा आधारही जुना आहे, बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा जो कायदा झाला त्यात पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी जागा द्यायची असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण बऱ्याच साइटवर मस्टरला बाईचं नावच नसतं! नवरा-बायकोची जोडी कामाला, मजुरी नवऱ्याच्या नावावर, मग बायका मोजायच्या कशा? २०२० च्या नव्या कामगार संहितेत बायकांऐवजी पन्नासपेक्षा जास्त कामगार असं आलंय, पुरुषही मोजायचे, आणि मला तो बदल फार मोलाचा वाटतो, का ते खालच्या पत्रात सांगते.

प्रश्न: माझी आजी परळच्या गिरणीत होती. ती सांगायची की गिरणीत पाळणाघर होतं आणि त्याआधी बायका पोरांना 'गोळी' देऊन झोपवायच्या. हे ऐकून माझ्या मुलीला धक्काच बसला. असं खरंच व्हायचं का?
— वाचक, लालबाग

उत्तर: व्हायचं. तिला बाळगोळी म्हणायचे आणि तिच्यात अफू असायची. १९२० च्या दशकात मुंबई सरकारने एका डॉक्टर बाईंकडून गिरणी कामगार बायकांची पाहणी करून घेतली होती, तेव्हा हे कागदावर आलं की कामाला जाणाऱ्या कितीतरी बायका तान्ह्यांना अफू देतात. तुमच्या मुलीला सांगा, आईला निर्दयी म्हणू नकोस. दिवसभराची पाळी, चाळीची दहा बाय दहाची खोली, सांभाळायला कोण नाही, पोरगं रडलं तर शेजारीण किती बघणार आणि खाडा झाला तर पगार गेला.

पुढे १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, देशातला तसला पहिला. मग गिरण्यांतून पाळणाघरं आली, आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथे ती सक्तीची केली, १९७६ ला तो आकडा तीसवर आणला. ऐकायला सगळं चांगलंय. पण खर्च बाईच्या डोक्यावर मोजला जायचा, बाई ठेवली तर बाळंतपणाचा पगार, पाळणाघर, रात्रपाळीला बंदी. गिरणीमालकांनी काय केलं, वाइंडिंग-रिळिंगची, म्हणजे सूत गुंडाळायची खाती, जिथे बायका असायच्या, तिथे नवीन मशिनं आली आणि बायकांची भरती कमी कमी होत गेली. त्याला एकच कारण नव्हतं, पण हेही एक होतं. तुमच्या आजीच्या पिढीनंतर त्या घरातल्या सुना गिरणीत गेल्या नाहीत, खानावळी चालवल्या, पोळ्या लाटल्या, घरी बसून शिवण केलं. म्हणून मी वर म्हटलं, पोर आईचं एकटीचं नाही हे कायद्याने मोजताना दाखवलं पाहिजे, नाहीतर पाळणाघराचा खर्च वाचवायला बाईलाच कमी करतात.

प्रश्न: माझ्या नणंदेचे यजमान मार्चमध्ये गेले. पदरात दोन मुलं, सात आणि अकरा वर्षांची. ती भांडुपला भाड्याने राहते, एका दुकानात हेल्पर आहे. सगळे म्हणतायत, मुलांना एखाद्या आश्रमात नाहीतर होस्टेलला टाक, तिथे खाणंपिणं शिक्षण होईल. तिला मुलं सोडायची नाहीयेत. काय करावं?
— वाचक, ठाणे

उत्तर: तिचं मन बरोबर सांगतंय, तिला एकटं पाडू नका.

आपल्याकडे मुलांच्या संस्था खूप जुन्या आहेत. माहीमची डेव्हिड ससून शाळा १८५७ ची, मुलांसाठीचा मुंबईचा कायदा १९२४ चा, त्यामागोमाग १९२७ ला चिल्ड्रन्स एड सोसायटी आली जी डोंगरी-मानखुर्दची बालगृहं चालवते, माटुंग्याचा श्रद्धानंद महिलाश्रमही त्याच दशकातला. त्या काळी उपाय एकच दिसायचा, मूल उचलून संस्थेत ठेवणं, आणि ज्यांचं खरंच कोणी नव्हतं त्यांना या संस्थांनी जगवलं, यात शंका नाही. पण शंभर वर्षांत या कामातली माणसंच या मतावर आलीत की गरिबी हे मूल घरातून काढायचं कारण होऊ शकत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तेच तत्त्व आहे, संस्था हा शेवटचा उपाय. मूल घरीच ठेवायचं आणि घराला मदत करायची.

त्यासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. एक पालक गेलेल्या मुलालाही मिळते, अठरा वर्षांपर्यंत, महिन्याला २२५० रुपये, दर मुलामागे, बँक खात्यात. आधी रक्कम ११०० होती, २०२३ पासून वाढली. भांडुप म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा, तेव्हा उपनगरच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे अर्ज, शहरच्या ऑफिसला जाऊन फेरी फुकट घालवू नका. वडिलांचा मृत्यू दाखला, तिघांचे आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, दोघांचं शाळेचं बोनाफाइड, पासबुक आणि फोटो लागतील. नंतर कोणीतरी घरी भेट देऊन रिपोर्ट करतं आणि बाल कल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जावं लागतं, तिथे घाबरायचं काही नाही, मुलांना सरळ विचारतात, कुठे राहायला आवडेल. पैसे लगेच सुरू होत नाहीत, काही महिने जातात, तेवढे दिवस घरच्यांनी भाड्याला हातभार लावला तर बरं होईल, आणि हे तुम्ही सासरी बोललात तर वजन पडेल.

धाकट्याचं दुपारचं काय ते आधी ठरवा. शाळा सुटल्यापासून ती दुकानातून येईपर्यंतचे तास, तिथेच घर कोलमडतं. शेजारी किंवा जवळच्या एखाद्या संस्थेचा अभ्यासवर्ग असेल तर विचारा, काहीच सुचलं नाही तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा, हा नंबर फक्त हरवलेल्या मुलांसाठी नाहीये, अशा अडचणीलाही चालतो.