प्रभातवरची मालिका सुरू करण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांचा मागोवा घेणारी बारा भागांची चित्रफीत-मालिका करण्याचा तुझा विचार वाचून मला मनापासून आनंद झाला. कॅमेरा कोणता घ्यावा आणि मायक्रोफोन कोणता, असे तू विचारले आहेस. कॅमेरा हाताशी असलेल्या फोनचा चालेल, मायक्रोफोन मात्र बरा घे, आणि निवेदन रात्री, पंखा बंद करून, भिंतींवर गाद्या-रजया टांगलेल्या खोलीत ध्वनिमुद्रित कर. या पत्राचा उरलेला भाग तू न विचारलेल्या गोष्टींविषयी आहे, कारण माझी स्वतःची मालिका सुरू करताना मलाही त्या ठाऊक नव्हत्या आणि माझा बहुतेक सगळा वेळ त्यांतच गेला.

आपण पाहतो आहोत तो चित्रपट नेमका कोणता, हा त्यांतला पहिला प्रश्न. कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली, १९३३ साली पुण्यात आली आणि १९५३ मध्ये बंद पडली, हे तुला पाठ असेल. पण बोलपटांच्या काळात तिने अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन रूपांत काढले, ही गोष्ट संकलनाला बसल्यावर किती छळते याची कल्पना आधी येत नाही. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी' या जोड्यांत एकावर दुसऱ्याचे संवाद चढवलेले नाहीत. दोन्ही भाषांत दृश्ये स्वतंत्रपणे चित्रित झाली आहेत. त्यामुळे चेहऱ्यांवरचे भाव, विराम, काही ठिकाणी नटही बदलतात. 'शेजारी'त गजानन जागीरदारांसमोर केशवराव दाते आहेत, तर 'पडोसी'त त्या जागी मजहर खान. मी माझ्या एका भागात 'शेजारी'विषयी बोलत असताना मराठी प्रत धूसर आहे म्हणून हिंदीतला एक स्वच्छ तुकडा मध्ये घातला, आणि निवेदनात केशवराव दात्यांच्या अभिनयाची तारीफ चालू असताना पडद्यावर मजहर खान दिसत राहिले. तो भाग मला मागे घ्यावा लागला आणि संकलनाची सगळी टाइमलाइन पुन्हा बांधावी लागली. म्हणून संगणकावर फोल्डर करतानाच भाषा, वर्ष आणि प्रत कुठून मिळाली हे प्रत्येक फाइलच्या नावात लिहीत जा. इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रतीचे शीर्षक खरे मानू नकोस. आत उघडून श्रेयनामावली वाच, आणि ती कापलेली असेल तर संवाद ऐकून आवृत्तीची खात्री कर.

प्रती इतक्या वाईट का आहेत, असा प्रश्न तुला पडेल, आणि त्याचे उत्तर एका भागात प्रेक्षकांनाही द्यावेस असे मला वाटते. त्या काळची फिल्म नायट्रेटची होती. ती जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे एकदा पेटली की विझवता येत नाही. आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षे पडून चिकट होते, मग तिचा भुगा होतो. प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य वेचून रिळे गोळा केली, म्हणून आज आपल्या हाती काही आहे. त्यातूनही जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेटच्या हजारो रिळांची राख झाली. आज आपल्यापर्यंत पोहोचणारी प्रत ही बहुधा प्रतीच्या प्रतीची प्रत असते, दूरदर्शनवरून टेपवर उतरवलेली, टेपवरून व्हीसीडीवर गेलेली आणि तिथून पुढे कुणीतरी दाबून लहान केलेली.

अशी प्रत पाहिली की ती 'सुधारण्याचा' मोह होतो. आता तर एका बटणासरशी चित्र चौपट मोठे करणारी, रंग भरणारी, सेकंदाला २४ चौकटींच्या ६० करणारी साधने आहेत. मी हे सगळे करून पाहिले आहे आणि तुला कळकळीने सांगतो की त्यापासून दूर राहा. 'संत तुकाराम'मधल्या गर्दीच्या एका दृश्यात त्या साधनाने मागच्या रांगेतल्या माणसांना नवे डोळे आणि नवी नाके दिली. ती माणसे १९३६ साली त्या ठिकाणी उभी होती, त्यांचे चेहरे धूसर का होईना खरे होते, आणि मी त्यांच्या जागी कधीच नसलेली माणसे उभी केली. तीच गोष्ट चौकटीच्या आकाराची. जुने चित्र जवळजवळ चौकोनी असते. ते आजच्या लांबट पडद्यावर ताणले तर तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा पसरट होतो, आणि वरखाली कापून बसवले तर साहेबमामा फत्तेलाल यांच्यासारख्या चित्रकाराने विचारपूर्वक रचलेल्या चौकटीतून घराचे छप्पर आणि पायाखालची माती दोन्ही जाते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देत. प्रेक्षकाला त्यांची सवय दोन मिनिटांत होते.

आवाजाच्या बाबतीत मी याहून मोठी चूक केली होती. जुन्या ध्वनिपट्टीवरची खरखर काढताना आवाजातला वरचा भाग निघून जातो आणि बोलणारा पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. ते मी वेळीच थांबवले. पण प्रसंग सुना वाटू नये म्हणून 'कुंकू'च्या एका दृश्याखाली मी स्वतः सतारीचा एक तुकडा घातला. पुढे वाचताना मला कळले की 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत जाणूनबुजून टाळले होते. घड्याळाची टिकटिक, भांडी, पावले, रस्त्यावरचे आवाज यांवरच तो चित्रपट उभा आहे, आणि म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीराची घुसमट त्या शांततेतूनच ऐकू येते. ज्या धाडसासाठी मी त्या चित्रपटावर भाग करत होतो, तेच धाडस मी माझ्या हाताने झाकून टाकले होते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: मूळ चित्रपटाचा तुकडा चालू असताना त्याखाली माझा एकही आवाज जात नाही. बोलायचे असेल तर चित्र थांबवतो किंवा मूळ आवाज पूर्ण बंद करून बोलतो, म्हणजे कोणाचा आवाज कोणता याचा घोटाळा होत नाही.

आता संशोधनाविषयी, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. 'आधी बीज एकले' हे पद तू लहानपणापासून ऐकले असशील. माझ्या पहिल्या भागाच्या संहितेत मी ते बेधडक 'तुकोबांचा अभंग' असे लिहिले होते, कारण घरी, देवळात, शाळेत सर्वांनी मला तेच सांगितले होते. ते शांताराम आठवले यांनी 'संत तुकाराम' चित्रपटासाठी लिहिले आहे. ते तुकोबांच्या भाषेत इतके मुरलेले आहे की अनेकांनी ते गाथेत शोधले. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री एका जुन्या पुस्तिकेतील पदांची यादी चाळताना ही चूक माझ्या लक्षात आली, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक सापडली याच्या आनंदापेक्षा, अशा आणखी किती चुका संहितेत आहेत हे मला माहीत नव्हते, याची भीती जास्त होती. आपण ज्यावर प्रेम करतो त्याविषयीची माहिती आपल्याला 'आधीपासूनच' असते, आणि ती कुठून आली हे आपण स्वतःला कधी विचारत नाही. चाहत्याच्या कामातला खरा धोका मला याच ठिकाणी दिसतो. म्हणून संहिता लिहून झाल्यावर तिच्या उजव्या बाजूला एक रिकामा रकाना ठेव आणि प्रत्येक विधानासमोर ते कुठे पाहिले ते लिही. रकाना भरता येत नसेल, तर ते वाक्य कितीही सुंदर असले तरी काढून टाक. वीस मिनिटांच्या एका भागासाठी मला या एका कामाला सरासरी तीन आठवडे लागत, आणि प्रेक्षकाला त्यातले काहीही दिसत नसे.

त्या काळी चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या पुस्तिका या कामात फार उपयोगी पडतात. त्यांत कथासार, पदे आणि श्रेयनामावली असते, आणि चित्रपटाची सुरुवातीची पट्टी तुटलेली असली तरी पुस्तिका साक्ष देते. त्या चित्रपट संग्रहालयात पाहता येतात; रीतसर अर्ज कर, कशासाठी हवे आहे ते नेमके लिही आणि उत्तराची धीराने वाट पाहा. खासगी संग्राहकांकडेही असतात. तिथे मात्र पहिल्या भेटीत स्कॅनर घेऊन जाऊ नकोस. एका कुटुंबाने मोठ्या विश्वासाने मला आपला छायाचित्रांचा संग्रह दिला होता, आणि मी घाईत एका छायाचित्राखाली चुकीचे नाव टाकले. त्यांच्या आजोबांच्या जागी दुसऱ्याच तंत्रज्ञाचे नाव लाखभर लोकांनी वाचले. मी चूक सुधारली, माफी मागितली, त्यांनी ती दिलीही. तरी त्या घरातल्या वृद्ध बाईंनी 'त्यांचं नाव एकदाच कुठेतरी आलं असतं,' असे म्हटले, ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. ध्वनिमुद्रक, नेपथ्यकार, सुतार, रसायनशाळेतली माणसे यांची नावे श्रेयनामावलीतही क्वचितच येतात. तुझी मालिका त्यांच्यापैकी कुणाला नाव देणार असेल, तर ते छापण्यापूर्वी त्यांच्या घरच्यांना वाचून दाखव.

हक्कांचा विषय रुक्ष आहे, पण तो टाळून चालणार नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो, म्हणून प्रभातच्या सर्वच चित्रपटांची ती मुदत संपलेली आहे. पण चित्रपटातील काव्य आणि संगीतरचना या वेगळ्या कृती आहेत आणि त्यांची मुदत कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालते. 'माणूस' आणि 'शेजारी'चे संगीतकार मास्तर कृष्णराव १९७४ साली गेले. त्यांच्या रचनांची मुदत २०३४ अखेरपर्यंत आहे, आणि तो हक्क आज कोणाकडे आहे हा स्वतंत्र शोधाचा विषय आहे. समीक्षेसाठी केलेल्या वाजवी वापराला १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ ने मुभा दिली आहे, मात्र 'अमुक सेकंद वापरले तर चालते' असा कोणताही आकडा त्या कायद्यात नाही. तो लोकांनी एकमेकांना सांगितलेला समज आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा तर कायदा वाचत नाही, ती आवाजाचा ठसा जुळवते. माझ्या एका भागावर ज्यांचा त्या चित्रपटाशी काडीचाही संबंध नव्हता अशा एका कंपनीने दावा लावला, कारण त्यांच्या भक्तिगीतांच्या संग्रहात तेच जुने ध्वनिमुद्रण होते. हरकत नोंदवल्यावर दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आणि तेवढे दिवस तुझ्या हातात काही नसते. म्हणून गाण्याचा तुकडा तेवढाच घे जेवढ्यावर तू खरोखर बोलणार आहेस, बोलणे त्याच्या लगेच आधी किंवा नंतर येऊ दे, आणि प्रकाशनाच्या तारखेआधी महिनाभर तो भाग खासगी ठेवून चढव, म्हणजे दावा आला तर वेळेत कळेल.

तू पत्रात लिहितोस, 'प्रभातबद्दल वाईट काही येऊ नये असे वाटते.' तुझी भावना मला पूर्ण कळते, पण हे मला मान्य नाही. शांता आपटे यांनी १९३९ साली कराराच्या वादातून त्याच स्टुडिओच्या दारात उपोषण केले होते. 'कुंकू'मध्ये अन्यायापुढे मान न झुकवणारी नीरा ज्यांनी साकारली, त्याच या अभिनेत्री. १९४२ मध्ये दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत त्यांची राजकमल ही चित्रसंस्था उभी राहिली. त्या फुटीची हकिकत प्रत्येकाने आपापल्या बाजूने सांगितली आहे. हे गाळले तर 'संत तुकाराम'ला १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात मिळालेला मान तेवढा उरेल, आणि दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर, कुलकर्णी ही कंपनी स्थापन करणारी पाच माणसे तसबिरीतल्यासारखी दिसू लागतील. मी स्वतः तो उपोषणाचा प्रसंग माझ्या मालिकेत अर्ध्या मिनिटात उरकला, आणि आज मालिकेकडे पाहताना मला सर्वांत जास्त तीच गोष्ट बोचते. तू त्याला पूर्ण भाग दे. कोणाचा निवाडा करू नकोस, कोणी काय म्हटले ते ठेव, आणि जिथे सांगणाऱ्यांचे जुळत नाही तिथे जुळत नाही असे स्पष्ट सांग.

वेळापत्रकाविषयी थोडेच सांगतो. दर आठवड्याला भाग देण्याचे वचन देऊ नकोस; चार भाग पूर्ण तयार झाल्याशिवाय पहिला प्रकाशित करू नकोस. बाराऐवजी सात भाग कर, कारण मालिका पाचव्या-सहाव्या भागापाशी रखडते, तिथे नवेपणाचा उत्साह संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. सगळ्या फाइलींच्या तीन प्रती ठेव आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात ठेव. माझी हार्डडिस्क सातव्या भागाच्या वेळी गेली आणि एका वयोवृद्ध वादकाची दोन तासांची मुलाखत तिच्याबरोबर गेली. ती पुन्हा घेण्याइतका काळ त्यांच्याकडे उरला नव्हता.

कॅमेऱ्याचे पैसे वाचले तर दोन चांगल्या डिस्क घे. पुढच्या महिन्यात पहिल्या भागाची संहिता पाठव, उजव्या रकान्यासकट. ज्या ओळींसमोर रकाना रिकामा राहिला असेल त्या मला पाठवण्यापूर्वी खोडू नकोस, तशाच ठेव. आपण दोघे मिळून त्या शोधू. माझ्याकडे 'माणूस' आणि 'शेजारी'च्या पुस्तिकांचे स्कॅन आहेत, ते या पत्रासोबत पाठवत आहे. 'शेजारी'च्या पुस्तिकेचे शेवटचे पान फाटलेले आहे. ते कुठे पूर्ण मिळाले तर मला जरूर कळव.

तुझा,
एक प्रभातप्रेमी