ढगांत आणि भिंतींवर चेहरे दिसणे हा मेंदूतला बिघाड आहे का?

नाही. चेहरा ओळखणारी आपली यंत्रणा इतकी उतावळी आहे की दोन डाग आणि त्यांखाली एक आडवी रेघ एवढ्यावर तिचे भागते. चेहऱ्यासारखी वस्तू नजरेस पडली की सुमारे १६५ मिलिसेकंदांत, म्हणजे विचार करायला सवड मिळण्यापूर्वीच, चेहरे ओळखणाऱ्या भागात प्रतिसाद उमटतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. ऱ्हेसस माकडांनाही निर्जीव वस्तूंत चेहरे दिसतात, तेव्हा आपण स्वतःला वेगळे समजू नये.

मात्र आपण पुढे जे विचारले आहे, ‘घरातल्या सगळ्यांना तोच चेहरा दिसतो, मग तो भास कसा?’, ते मला गप्प बसू देत नाही, कारण याच मुद्द्यावरून माझे आणि माझ्या थोरल्या काकांचे कित्येक वर्षे वाजलेले आहे.

कोकणातले आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. ते नवे बांधले तेव्हा, दक्षिणेकडच्या भिंतीला गिलावा सुरू असताना, काकांना एका चिऱ्यात गणपती दिसला आणि त्यांनी गवंड्याचा हात थांबवला. जांभा बनताना मूळ खडकातले विरघळणारे घटक पावसाने वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात, मऊ माती पोकळ्यांतून धुऊन निघते. अशा भोकाभोकांच्या दगडात चेहरा सापडला नाही तरच नवल. हिवाळ्यातले सकाळचे तिरपे ऊन भिंतीला घासून गेले की दोन भोके खोल दिसत आणि मधला उंचवटा सोंडेसारखा भासे. ऊन वर चढले की तिथे काहीही नसे. ज्यांना काही दिसत नव्हते अशीही मंडळी होती, पण काकूने त्या उंचवट्यावरून शेंदराचे बोट फिरवले आणि त्यानंतर गणपती न दिसणारा माणूस वाडीत उरला नाही. ‘आख्खी वाडी आंधळी आणि तू एकटा डोळस काय?’ असे काकांनी मला चारचौघांत ऐकवले. चिरा बसवणाऱ्या गवंड्याला मी विचारले, तर त्याला एवढेच आठवत होते की तो ठिसूळ होता म्हणून जोत्यात न घालता वर घातला.

एकमत हा पुरावा नव्हे. वाडीतल्या घरोघरी भाद्रपदात गणपती येतो, त्यामुळे सगळ्यांना गणपतीच दिसणार. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे गोठलेल्या लाव्हाची मैदाने. त्यांत आपल्याला ससा दिसतो, जपानी लोकांना मोची हा चिकट भाताचा पदार्थ कुटणारा ससा आणि युरोपात अनेकांना माणसाचा चेहरा, पण तेवढ्यासाठी चंद्राला नाक फुटत नाही. २५ जुलै १९७६ रोजी वायकिंग-१ यानाने मंगळाच्या सिडोनिया भागात टिपलेला ‘चेहरा’ही तिरप्या उन्हाचाच होता, १९९८ आणि २००१ साली मार्स ग्लोबल सर्व्हेअरने स्पष्ट छायाचित्रे घेतली, तेव्हा ती एक झिजलेली टेकडी निघाली.

काकांनी मला नास्तिकही ठरवले, जे सर्वस्वी चूक आहे. देवीच्या तांदळ्याला, म्हणजे बिनचेहऱ्याच्या शिळेला, चांदीचे डोळे आपणच बसवतो. पंचायतनातला नर्मदेचा बाण, शाळिग्राम आणि गणपती म्हणून पुजला जाणारा तांबडा शोणभद्र यांना नाकडोळे नसतातच, तरी त्यांची पूजा अडलेली नाही. (शाळिग्रामावरचे चक्र मात्र भास नव्हे, तो अमोनाइट या समुद्री प्राण्याचा खराखुरा जीवाश्म असतो.) काकांना चेहरा हवा होता तो पूजेसाठी नव्हे, मला गप्प करण्यासाठी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक सांगायचे राहिले. दिसणारे चेहरे बोलू लागले, धमकावू लागले, किंवा घरातल्या वयस्क व्यक्तीला ते अचानक वारंवार दिसू लागून सोबत गोंधळलेपणा जाणवला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात असे घडते.

एरवी घरच्यांशी भांडायचेच असेल, तर चेहरा दिसतो की नाही यावर भांडू नये; तो दिसतोच, मलाही दिसतो. भिंतीचे काय करायचे यावर भांडावे. आमच्याकडे त्या चिऱ्याभोवती हातभर जागा गिलाव्याविना सोडली आहे, दर पावसाळ्यात तिथून ओल आत येते, आणि मिरगाआधी तिच्यावर ताडपत्री बांधण्याचे काम काकांनी माझ्याकडे दिले आहे.