हॉकीपटू ध्यानचंद यांना तीनच ऑलिंपिक का खेळता आली?
दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक भरलीच नाहीत. १९४० चं यजमानपद टोकियोकडे होतं, चीनशी युद्ध सुरू असल्यानं जपाननं ते १९३८ मध्ये सोडलं. मग हेलसिंकी ठरलं आणि तेही बारगळलं. यात कुठल्याच खेळाडूला कुणी विचारलं नव्हतं. १९३६ च्या बर्लिन अंतिम सामन्यात भारतानं जर्मनीला ८-१ हरवलं, तेव्हा कर्णधार ध्यानचंद होते, वय ३०. पुढचं ऑलिंपिक थेट १९४८ ला, लंडनमध्ये. तोवर ते ४२ वर्षांचे. अर्थात, युद्ध नसतं तरी पाच ऑलिंपिक झालीच असती असं नाही. १९४४ ला ते ३९ च्या आसपास असते, आणि फॉरवर्डसाठी, म्हणजे आघाडीच्या फळीत खेळणाऱ्यासाठी, ते जरा जास्तच.